थंडी आणि मोटारीचा हँडब्रेक

म्हैसूर शहरात पाणी गोठत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवरील या शहरात पौषातील पहाटेसही अंगावर शाल घेतली म्हणजे भागते. त्यामुळे तेथील मोटारचालकास हँडब्रेकचे एकच काम ठाऊक असते : चामुंडी टेकडीच्या चढावर गाडी उभी केली, दांडी ओढली, की गाडी जागची हलत नाही. परंतु हीच मोटार जानेवारीत बंडीपूरच्या अरण्यातून सुमारे 125 किलोमीटर अंतरावरील उदगमंडलम येथे, म्हणजे आपल्या परिचयाच्या उटीला जाते आणि रात्रभर उघड्यावर उभी राहते. तेथे त्या दांडीचे वर्तन बदलू शकते.

उटीची उंची सुमारे 2,240 मीटर आहे. दर 1,000 मीटर चढावास हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने उटी म्हैसूरपेक्षा नऊ-दहा अंशांनी थंड असावयास हवी, आणि साधारणतः ती तशी असते. शिवाय निरभ्र, निवांत रात्री जमीन, गवत व मोटारीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतात आणि भोवतालच्या हवेहूनही अधिक निवतात. म्हणूनच हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही गवतावर हिम साचते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे मोटारींच्या टपांवर जे हिमकण दिसतात, त्यांचेही कारण हेच.

आता हँडब्रेकची रचना पाहू. पायाने दाबावयाचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. तो द्रव अशा थंडीत गोठत नाही. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत निव्वळ यांत्रिक असतो. दांडी ओढली की एक पोलादी तार ताणली जाते आणि ती सामान्यतः मागील दोन चाकांचे ब्रेक आवळते. दांडीतून येणारा ‘कट्‌कट्’ आवाज खिटी एकेका दात्यात अडकत असल्याचा असतो. ही तार एका आवरणातून, गाडीच्या पोटाखालून जाते. आवरणास चीर पडली, टोकाचे रबर झिजले, की रस्त्यावरील पाणी आत शिरते. म्हैसुरात त्याने तार गंजते, एवढेच. उटीच्या रात्री तेच पाणी गोठते, आणि बर्फ झाल्यावर सुमारे एक-दशांशाने फुगून तारेस आवरणात जखडून टाकते. सकाळी दांडी खाली जाते, तार मात्र ताणलेलीच राहते. दुसरा प्रकार चाकातच घडतो. गाडी धुतली असेल किंवा ओल्या रस्त्यावरून आली असेल, तर ब्रेकचे लायनर व ड्रम यांमधील पाण्याची पातळ पापडी गोठून दोहोंस चिकटवते.

यावरून कोणी म्हणेल, की मग थंडीत हँडब्रेक लावूच नये. सपाट जागी हे खरे आहे, उतारावर नाही. घसरणारी मोटार ही गोठलेल्या ब्रेकपेक्षा कितीतरी भयंकर गोष्ट आहे. म्हणून रात्रीसाठी प्रथम सपाट जागा शोधावी, गाडी पहिल्या किंवा मागच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि चाकास दोन्ही बाजूंनी दगडाची अथवा लाकडी ठोकळ्याची उटी लावावी. (उटीस जाणाऱ्याने सोबत उटी न्यावी, हे भाषेनेच सुचविले आहे!) उतारावाचून गत्यंतर नसेल, तर हँडब्रेक अवश्य लावावा, पण मुक्काम जवळ येताच रस्ता मोकळा पाहून पायाचा ब्रेक अधूनमधून हलकेच दाबीत यावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ओल सुकून जाते. पुढची चाके अशा रीतीने वळवावीत, की गाडी सुटलीच तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूस अडेल. स्वयंचलित गिअरच्या गाडीत आधी हँडब्रेक लावून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा व मग दांडा ‘पी’वर न्यावा, अन्यथा सारा भार गिअरपेटीतील एका लहानशा खिटीवर पडतो.

सकाळी गाडी हलेनाशी झाली, तर इंजिनाच्या जोराने तिला ओढू नये. लायनर उखडण्याचा संभव असतो. त्याहून वाईट म्हणजे एक चाक सुटते, दुसरे जखडलेले राहते, आणि ते फरफटत तापत जाते. दांडी दोन-चार वेळा वर-खाली करावी आणि गाडी हळुवार मागे-पुढे झुलवून पाहावी. एवढ्याने न भागल्यास ऊन पडेपर्यंत थांबावे. नीलगिरीच्या हिवाळ्यात ऊन बहुधा लवकर येते. लडाखात हा उपाय सांगता येणार नाही. चाकावर उकळते पाणी ओतण्याची पद्धत वाईटच, कारण ते पाणी पुन्हा गोठते आणि एकाएकी तापलेल्या धातूस तडा जाऊ शकतो. इंजिन चालू ठेवून गाडी ‘तापवीत’ बसण्याने मागच्या चाकांस फारशी ऊब मिळत नाही. बंद गॅरेजात तर कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावतात. बटनाने चालणाऱ्या विजेच्या हँडब्रेकचेही लायनर गोठू शकतात. तो आपोआप लागणार नाही अशी सोय कित्येक गाड्यांत असते. ती कशी वापरावी ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

एक धोका मात्र असा आहे, की त्यास बर्फ लागतच नाही, आणि तो खुद्द म्हैसुरातही संभवतो. चामुंडी टेकडीवरून, किंवा परतीच्या वाटेवर गुडलूरकडील घाटातून, सतत ब्रेक दाबीत उतरलेल्या गाडीच्या चाकांतील तबकड्या अतिशय तापलेल्या असतात. तापलेली तबकडी किंचित जाड होते. अशा वेळी वाटेतील नंदीपाशी गाडी उभी करून हँडब्रेक ओढला, तर पकड घट्ट वाटते. पुढे गार वाऱ्यात तबकडी निवते, पूर्ववत बारीक होते, आणि तिला धरणाऱ्या पट्ट्यांची पकड सैलावते. चालक दर्शनास गेलेला असतो. गाडी आपण होऊन निघते. ज्या गाडीच्या मागील चाकांत ड्रम आहेत, तेथे उलट घडते : तापून विस्तारलेला ड्रम निवताना लायनरवर अधिकच आवळला जातो. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते चालकाने माहीत करून घ्यावे. तबकड्या असल्यास गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकास उटी लावावी, आणि दहा-पंधरा मिनिटे गाडीपाशीच थांबून दांडी आणखी एक-दोन दाते वर ओढावी.