विमानाच्या पोटातली बॅग आणि मावशीच्या पाटल्या

घोडबंदर रस्त्यावर ओवळे नावाचे गाव आहे. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. या गावातली आमची मावशी लेकीच्या बाळंतपणाला आखातात गेली होती. हातात आईने दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बोचू नयेत म्हणून तिने त्या काढून एका डबीत ठेवल्या आणि परत निघताना डबी हातातल्या पिशवीत घातली.

विमानतळावर पिशवी जड भरली. "थोडे सामान मोठ्या बॅगेत टाका," असे खिडकीवरच्या माणसाने सांगितले. मागे रांग खोळंबलेली. मावशीने घाईघाईत खजुराचा पुडा, दोन साड्या आणि त्यांच्याबरोबर ती डबीही मोठ्या बॅगेत टाकली. बॅगेला कुलूप लावले आणि निश्चिंत झाली.

घरी येऊन चार दिवसांनी बॅग उघडली. कुलूप जागेवर, चेन जागेवर, खजूरही जागेवर. डबी मात्र नव्हती. मावशी दोन दिवस जेवली नाही. "आईची तेवढीच खूण होती गं," एवढेच म्हणत राहिली.

कुलूप शाबूत असताना चोरी कशी झाली? कापडी बॅगेच्या चेनचे दात साध्या पेनाच्या टोकानेही फाकतात, आणि चेनची कडी पुन्हा फिरवली की ते मिटतात. कुलूप फक्त कडी धरून ठेवते, दात नव्हे. शिवाय खिडकीवर दिलेली बॅग पट्ट्यावरून तपासणीला जाते, तिथून गाडीवर आणि मग विमानाच्या पोटात. उतरताना हाच प्रवास उलटा. इतक्या हातांतून जाताना मालकाची नजर तिच्यावर कुठेच नसते. सामान वाहणारे बहुतेक कामगार घाम गाळून प्रामाणिकपणे काम करतात. तरी मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर अशा चोऱ्यांपायी काही कामगारांना पोलिसांनी वेळोवेळी पकडलेले आहे. मावशीच्या पाटल्या तिकडे गेल्या की इकडे, हे आजवर कळले नाही.

भाच्याने विमान कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की दागिने मोठ्या बॅगेत ठेवूच नयेत असा नियम आहे, आणि विमानतळ सोडण्यापूर्वी तुम्ही तक्रारही नोंदवली नाही. पहिली गोष्ट बहुतेक कंपन्यांच्या तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचतो कोण?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. परदेशी प्रवासासाठी 1999 चा मॉन्ट्रियल करार आहे. भारत त्यात 2009 साली सामील झाला. बॅगेचे किंवा आतल्या वस्तूंचे नुकसान दिसले तर बॅग हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. तक्रार न करता बॅग घेतली, तर ती धड मिळाली असेच प्रथम मानले जाते. दाव्याची मुदत दोन वर्षे. भरपाईलाही कमाल मर्यादा असते. देशातल्या प्रवासात ती 20,000 रुपये ठरवलेली आहे. 2025 साली दहा ग्रॅम सोने लाखाच्या वर गेले. म्हणजे पुरी मर्यादा पदरात पडली तरी दोन ग्रॅम सोने येणार नाही!

म्हणून मायबहिणींनो, एवढे ध्यानात ठेवा. दागिने, रोकड, घराची कागदपत्रे अंगावर किंवा हातातल्या पिशवीत ठेवा. पिशवी जड झाली तर साड्या काढा, खजूर काढा, डबी काढू नका. कधी कधी जागा नाही म्हणून विमानाच्या दाराशी हातातली पिशवीही खाली पाठवतात. तेव्हा मौल्यवान चीजवस्तू आधी काढून घ्या. दागिन्यांच्या पावत्या घरी जपा आणि निघण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

उतरल्यावर बॅग पट्ट्यावरून उचलली की तिथेच बाजूला होऊन उघडून पाहा. घरचे लोक बाहेर वाट पाहत असतात, पण पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. काही कमी दिसले तर कंपनीच्या माणसाकडून लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. बॅगेची चिठ्ठी फाडून टाकू नका. पोलिसांतही फिर्याद द्या. कंपनीने दाद दिली नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली आहे.

बाजारात बैल विकून आलेले पैसे आपण कधी दुसऱ्याच्या गाडीत ठेवून निघत नाही. कमरेच्या कशात बांधूनच घरी येतो. विमान झाले तरी रीत तीच.

मावशी यंदा पुन्हा नातवाला पाहायला गेली. या वेळी हातात काचेच्या बांगड्या होत्या. "आता नेण्यासारखे उरलेय काय?" असे म्हणून ती हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही.