चिकूच्या बियांतील अळी : आपल्या भागात नव्याने आलेल्या एका किडीची ओळख

मागील पावसाळ्याच्या अखेरीस तलासरी तालुक्यातील एक शेतकरी काड्यापेटीत एक किडा घेऊन आमच्याकडे आले. पेटी उघडली तेव्हा आत केवळ एक वाळकी काडी दिसली. परंतु क्षणभराने ती काडी पाय टाकीत चालू लागली. "साहेब, असले जनावर आमच्या वाडीत कधी पाहिले नाही. याच्यावर कोणते औषध मारावे?" असा त्यांचा प्रश्न होता. हा काडीकिडा होय. तो रात्री झाडाची पाने खातो आणि दिवसा काडीसारखा निश्चल राहतो. त्याच्या अनेक जातींत नराची गरज न लागता मादी एकटीच अंडी घालते, व ती अंडी एखाद्या बारीक बीसारखी दिसतात. तमिळनाडूच्या डोंगरांतील अशीच एक जात माणसांनी हौसेने पाळण्यासाठी परदेशी नेली आणि आज ती दक्षिण आफ्रिकेत व अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात मोकळ्या झाडांवर वस्ती करून राहिली आहे. आपल्या वाडीत मात्र एखाददुसरा काडीकिडा सापडल्याने पिकाचे काहीच बिघडत नाही. औषध मारू नये, असे त्यांना सांगितले. ते जरा निराश होऊनच परतले, असे मला वाटले.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, विचित्र दिसणारा किडा आपण तत्काळ टिपतो. पण ज्या किडीने या तालुक्यांतील बागाईतदारांचे खरे नुकसान केले ती कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. चिकूच्या बीमध्ये राहणाऱ्या अळीविषयी मी बोलत आहे.

चिकू हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील. आपल्या राज्यात त्याची पहिली लागवड सन १८९८ मध्ये घोलवड येथे झाली, असे मानले जाते. पुढे घोलवड, बोर्डी, कोसबाड, डहाणू हा सारा पट्टा चिकूचा झाला, आणि सन २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. इतकी वर्षे आपले बागाईतदार प्रामुख्याने दोन किडी ओळखत असत : पाने एकत्र गुंडाळून खाणारी अळी व कळी पोखरणारी अळी. या दोन्ही झाडावर दिसतात. जाळी दिसते, विष्ठा दिसते, कळ्या गळतात. शेतकऱ्यास रोग कळतो.

सन २००० च्या सुमारास या पट्ट्यात आणि लगतच्या दक्षिण गुजरातेत एक निराळीच तक्रार सुरू झाली. फळ बाहेरून निर्दोष, पण कापल्यावर आतील काळी चकचकीत बी पोकळ. हे काम ट्रायमॅलिटिस मार्गारियास या लहानशा पतंगाच्या अळीचे आहे. कीटकशास्त्रास ही जात अपरिचित नव्हती; मेरिक या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच तिला नाव दिले होते. परंतु चिकूची शत्रू म्हणून ती आपल्या बागांत उभी राहिली ती जवळजवळ शंभर वर्षांनंतर.

तिची राहणी समजून घेतल्यावाचून उपाय समजणार नाही. मादी फळावर सुटी सुटी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढ्या बारीक छिद्राने कोवळ्या फळात शिरते आणि गरात न थांबता थेट बी गाठते. त्या वेळी बी कठीण झालेली नसते. फळ वाढत राहते, आत शिरल्याची जागा भरून येते आणि बाहेर कसलीही खूण उरत नाही. अळी बीमधील मगज खाऊन वाढते. तिला ना उन्हाची भीती, ना पक्ष्यांची, ना आपल्या फवाऱ्याची. पूर्ण वाढल्यावर मात्र ती बी व गर पोखरून बाहेर पडते. फळावर जे ठळक गोल छिद्र दिसते ते अळी आत गेल्याचे नसून बाहेर पडल्याचे असते. छिद्र दिसले याचा अर्थ पाहुणा निघून गेला. पुढे ती पानाची घडी करून तीत कोष करते. इकडे त्या छिद्रातून बुरशी आत शिरते व फळ सडते.

येथे माझी स्वतःची एक चूक नमूद करतो. या भागात रुजू झालो त्या पहिल्याच वर्षी एका बागेत सडलेली फळे दाखविण्यात आली. पावसाळी दिवस होते. मी वरवर पाहून बुरशी ठरविली आणि बुरशीनाशकाचा सल्ला दिला. झेल्याने फळे उतरविणारी एक वारली बाई जवळच उभी होती. तिने काही न बोलता कोयत्याने एक फळ चिरले व बी माझ्या हातावर ठेवली. बीला टाचणीच्या डोक्याहून मोठे भोक होते. बुरशी खरी होती, पण ती मागून आलेली होती. बागाईतदाराचा औषधाचा खर्च त्या वेळी माझ्यामुळे वाया गेला. तेव्हापासून सडलेले फळ हाती आले की मी आधी बी पाहतो, आणि मालकाच्या आधी तोडणी करणाऱ्या मजुरांस विचारतो. नित्य फळ हाताळणाऱ्यांस जे दिसते ते आम्हास अनेकदा उशिरा दिसते.

ही कीड आपल्याकडे इतकी का फोफावली, याचे उत्तर आपल्या बागांतच आहे. चिकूच्या एकाच झाडावर फूल, कोवळे फळ व तयार फळ एकाच वेळी असतात. बहर धरल्यापासून फळ तयार होण्यास सात ते दहा महिने लागतात. म्हणजे पतंगास अंडी घालण्याजोगे फळ वर्षभर मिळते. त्यात जुन्या वाड्यांतील झाडे एकमेकांत गुंतलेली, आत ऊन पोहोचत नाही, खाली पाचोळ्याचा थर आणि त्यातच टाकून दिलेली फळे. मैलोगणती हेच एक पीक. किडीने याहून अधिक काय मागावे?

फवारणीविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अळी बीमध्ये गेल्यावर कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. छिद्रे दिसू लागल्यावर जे फवारे मारले जातात ते त्या फळांपुरते तरी व्यर्थ होत. औषधाचा उपयोग अळी फळात शिरण्यापूर्वीच, म्हणजे अंडी व नुकतीच निघालेली अळी यांवर होतो. चिकूची तोडणी सतत चालू असल्याने फवारणी व तोडणी यांत किती दिवस जावे हाही प्रश्न येतो. म्हणून औषध कोणते, किती व केव्हा, हे कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि खात्याच्या कार्यालयात विचारूनच ठरवावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे.

खर्चाविना होणारे काम अधिक मोलाचे आहे, पण ते एकट्याने करून भागत नाही. गळलेली व छिद्र पडलेली फळे दर तोडणीस वेचून खोल खड्ड्यात पुरावीत आणि वर माती दाबावी. ती बांधावर फेकणे म्हणजे शेजाऱ्याच्या बागेत पतंग सोडणे होय. झाडाखालील पाचोळ्यात कोष असू शकतात; तो गोळा करून मातीआड कुजवावा. दाटलेल्या फांद्या विरळ करून झाडाच्या पोटात ऊन व वारा खेळू द्यावा. जुन्या झाडावर विळा चालविण्यास वडीलधाऱ्यांचे मन होत नाही, हे मी जाणतो. तरीही प्रथम दोनचार झाडांवर करून पाहावे. पतंग केव्हा वाढतात हे कळण्यास प्रकाश सापळा उपयोगी पडतो. रिकामे करंडे व त्यांत घातलेला पाला दुसऱ्या गावी तसाच नेऊ नये. फळातून निघालेली अळी त्यातही कोष करू शकेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दर आठवड्यास बागेच्या निरनिराळ्या भागांतून काही निर्दोष दिसणारी फळे तोडून चिरावीत आणि किती बिया पोखरलेल्या आहेत ते वहीत लिहावे. नासक्या फळांवरून केलेला अंदाज फसतो.

चिकूवर वा अन्य पिकावर अनोळखी कीड आढळल्यास ती जिवंत घेऊन गावोगाव हिंडू नये. मोठा किडा स्पिरिट घातलेल्या लहान बाटलीत ठेवावा. अळी असल्यास काही अळ्या स्पिरिटमध्ये आणि काही त्याच फळासह फडके घट्ट बांधलेल्या बरणीत ठेवाव्या, म्हणजे पुढे पतंग निघेल. केवळ अळीवरून जात ओळखणे तज्ज्ञांसही कठीण जाते. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी : गाव, दिनांक, झाड, झाडाचा कोणता भाग, आणि किती झाडांवर आढळली. शाईने लिहिल्यास स्पिरिटमध्ये अक्षर पुसून जाते.