तळाची जाळी

सकाळी 7:30. पुण्यातल्या एका सोसायटीचा तरणतलाव. पाणी काल उपसून झालं. जुन्या टाइल्स उखडायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं, नव्या बसवायच्या, एवढंच मूळ काम. महिना जानेवारीचा, तोही मुद्दाम निवडलेला. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली, तर ते पाणी तिला खालून उचलतं आणि तडे पाडतं.

8:15. खोल बाजूला उतरून मेन ड्रेनची जाळी काढली. चारपैकी दोन स्क्रू गंजून गेलेले, प्लास्टिक खडूसारखं ठिसूळ. खाली खड्डा असा नाहीच. जाळीला जवळजवळ चिकटून पाइपाचं तोंड, आणि तो पाइप थेट पंपाकडे. संपूर्ण तलावाला असा एकच ड्रेन.

हा धोका टाइलच्या रंगाच्या चर्चेत कधीच येत नाही. 20 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर एखाद्या मुलाची पाठ टेकली आणि पंपाने अर्ध्या वातावरणाइतका दाब ओढला, तर ती पाठ तिथे दीडशे किलोहून जास्त जोराने दाबली जाते. पोहता येतं की नाही, याला मग काही अर्थ उरत नाही. अमेरिकेत 2002 साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबमध्ये अशीच अडकून बुडाली. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे ती सुटली, पण उशीर झाला होता. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने, नॅन्सी बेकर यांनी, पाठपुरावा केला आणि 2007 मध्ये तिच्याच नावाने कायदा झाला. आमची आजची आखणी त्याच नियमांवर आहे.

9:00. मिस्त्रींनी एका ड्रेनऐवजी दोन ड्रेनसाठी खडूने दोन चौकोन आखले. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किमान तीन फूट, म्हणजे एका अंगाने दोन्ही तोंडं झाकली जाऊ नयेत. दोन्हींचे पाइप टीला सारख्या लांबीने जोडायचे आणि पंपाची लाइन टीच्या मधून घ्यायची. एक बंद झाला तरी पंप दुसऱ्यातून पाणी घेतो, आणि अडकलेल्यावरचा ओढा सुटतो.

9:30 ते 12:30. कटर, ब्रेकर, धूळ. याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की सळई दिसली की ब्रेकर थांबवायचा.

12:45. सेक्रेटरी मॅडम काठावर आल्या. "अहो, नवी जाळी बसवून भागत नाही का? फोडाफोडीचा खर्च कमिटीला काय सांगू?"

"मॅडम, जाळी कितीही चांगली असली तरी खाली पुरेसा खोल खड्डा लागतो. शिवाय तलाव पुन्हा रिकामा कधी होणार?"

त्यांनी कपाळाला हात लावला, पण फोटो काढून ग्रुपवर टाकले. माझं कोटेशन जे करू शकलं नसतं, ते त्या गंजलेल्या स्क्रूंनी केलं.

2:00. पाइप जोडणी. पीव्हीसीला काँक्रीट नीट धरत नाही, म्हणून बाहेरून सोल्युशन लावून त्यावर वाळू चिकटवली. गळती बहुतेक इथूनच सुरू होते, आणि घाईत हेच वगळलं जातं. मग सोल्युशन वाळेपर्यंत थांबणं. कामगारांना बिनकामाचं बसणं आवडत नाही. मला आवडतं, जोडणी त्यामुळेच टिकते.

4:00. लाइनला पाण्याचा दाब देऊन गेज बघत बसलो. काटा हलला नाही. मगच खड्ड्यांभोवती नॉन-श्रिंक ग्राउट भरला.

5:45. नव्या जाळ्या आज लागणार नाहीत, टाइल्स झाल्यावर लागतील. तरी खोके उघडून तपासले. प्रत्येक जाळीवर तिचं आयुष्य वर्षांत छापलेलं असतं आणि ती किती प्रवाह सोसते तेही. हा पंप तासाला 22 हजार लिटर ओढतो. एक ड्रेन बंद पडला तर उरलेल्या एका जाळीला तेवढा सगळा प्रवाह झेपायला हवा. स्क्रू खोक्यातलेच वापरायचे. हार्डवेअरच्या दुकानातला जवळपास बसणारा स्क्रू म्हणजे पुन्हा सकाळचीच गत.

6:30. काँक्रीटवर ओली पोती टाकून निघालो.

तुमच्या सोसायटीत तलाव असेल तर जाळीवरची मुदत बघून घ्या. जाळी तुटलेली किंवा हललेली दिसली, तर आधी पंप बंद करा आणि ती बदलेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पंपाचा स्विच कुठे आहे, ते वॉचमनला आजच विचारून ठेवा.