नाईकांच्या वाड्यातील रहस्य : भुताचे की सातबाऱ्याचे?

धाकट्या मुलाच्या लग्नाची लगबग सुरू असतानाच घरातील कर्ता पुरुष अचानक जातो. मुंबईहून आलेला थोरला मुलगा, गावी राहून घर सांभाळणारा मधला, माहेरी परतलेली लेक आणि सारे काही पाहूनही गप्प राहणारी आई, अशी सगळी मंडळी एकाच छपराखाली अडकतात. दमट रात्री रातकिड्यांचा आवाज थांबला, की पुढे काय होणार या विचाराने प्रेक्षक सावरून बसतो. 'झी मराठी'वर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने महाराष्ट्राला असे खिळवून ठेवले. सावंतवाडीजवळील आकेरी गावातील ज्या वाड्यात चित्रीकरण झाले, तो पाहण्यासाठी पुढे पर्यटकांची रीघ लागली.

मालिकेवर सुरुवातीलाच वाद झाला. कोकण म्हणजे केवळ भुतेखेते आणि करणी, असे चित्र रंगवून या प्रदेशाची बदनामी केली जात असल्याचा आक्षेप घेण्यात आला. तो अगदीच निराधार नव्हता. मात्र पहिल्या पर्वाचे सामर्थ्य भुतांमध्ये नव्हतेच. अण्णा नाईकांच्या पश्चात घर कोणाचे, जमीन कोणाची आणि अण्णांनी कोणापासून काय लपवले, हे तिचे खरे प्रश्न होते. कोकणातील प्रेक्षकाला ते नवे नव्हते. त्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरही आजोबांपासूनची नावे असतात आणि त्यांतले निम्मे लोक मुंबईत असतात.

तळकोकणातील घराच्या पोटातील काळोख मराठी वाचकाला चिं. त्र्यं. खानोलकरांनी फार पूर्वी दाखवला होता. 'रात्र काळी, घागर काळी' आणि 'कोंडुरा' या त्यांच्या कादंबऱ्यांत दैव, वासना आणि भीती एकमेकांत गुंतलेली आहेत. मालिका त्या उंचीची नाही, पण भूमी तीच आहे. गावाचा राखणदार, देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे, कौल या गोष्टी तेथे भयकथेची सामग्री नसून रोजच्या व्यवहाराचा भाग आहेत. बांधावरून भांडण झाले, तर एक भाऊ तहसील कार्यालयात जातो आणि दुसरा देवळात.

नाईकांच्या घरातील तिढा कायद्याच्या चौकटीत ठेवून पाहिला, तर तो अधिक उलगडतो. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. म्हणजे माई, माधव, दत्ता, अभिराम आणि छाया असे पाच वारस. सुनांना सासऱ्याच्या मालमत्तेत थेट वाटा नाही. त्यांची कुजबुज कथेत एवढी का चालते, हे यावरून कळावे. छायाची बाजू तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी या कायद्याच्या कलम २३ मुळे, पुरुष वारस वाटणीला तयार होईपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसणाऱ्या या लेकीच्या हातात अर्धे घर हलवू शकणारा कागद होता.

सहावे नाव सुषमाचे, अर्थात अण्णा आणि शेवंताच्या मुलीचे. पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न कायद्याने शून्यवत ठरते. तरी त्यातील अपत्ये औरस मानली जातात. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा अपत्यांना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील आपल्या आईवडिलांच्या हिश्श्यात वाटा मिळतो; मात्र जन्माने ती सहहिस्सेदार होत नाहीत. पण लग्नविधी झालाच नसेल, तर या तरतुदीचा आधार मिळत नाही. मग मृत्युपत्र हाच मार्ग उरतो, आणि हरवलेले किंवा बनावट मृत्युपत्र म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्याला आयतेच मिळालेले घबाड.

कर्ता पुरुष गेला, की वारसनोंद होऊन सर्वांची नावे सातबाऱ्यावर चढतात. त्यातून कोणता तुकडा कोणाचा, हे मात्र ठरत नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. सहमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. नसेल तर दिवाणी न्यायालय. एका सहीसाठी घर वर्षानुवर्षे बंद राहते, कौले फुटतात, वासे पावसात भिजत राहतात. अशा घराला गाव आपोआप झपाटलेले म्हणू लागते.

जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन अण्णा आणि शेवंताची कहाणी सांगितली. ते पर्व सर्वाधिक रंगले, कारण त्यात माणसे होती. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात दोघेही भुते होऊन परतली आणि कुतूहलाची जागा दचकवण्याने घेतली.

याच उत्तराधिकार कायद्यातील कलम २५ पटकथाकारांनी अधिक वापरायला हवे होते. खून करणाऱ्याला किंवा त्याला साथ देणाऱ्याला मृताच्या मालमत्तेचा वारसा मिळत नाही. वाड्यासाठी ज्याने हात रक्ताने माखले, त्याचे नाव वारसांच्या यादीतून गळते आणि उरलेल्यांचे हिस्से वाढतात.