विंडोज संगणकावर युनिक्स पद्धतीचा डेस्कटॉप : घटक, मांडणी आणि दक्षता

पदव्युत्तर संशोधनात उपयोगी पडणारे पुष्कळसे प्रोग्रॅम युनिक्स व लिनक्स या कार्यप्रणालींसाठी लिहिलेले असतात. विद्यार्थ्याच्या हाताशी असलेला संगणक मात्र बहुधा विंडोजचा असतो. या दोहोंची सांगड घालण्याचा एक मार्ग म्हणजे डिस्कचे भाग पाडून दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसविणे. परंतु ज्या डिस्कवर प्रबंधाची सारी सामग्री आहे तिचीच वाटणी करणे जोखमीचे असते, आणि सामाईक संगणकावर तशी मुभाही नसते. दुसरा मार्ग विंडोज जागच्या जागी ठेवून त्याच पडद्यावर युनिक्स पद्धतीचा डेस्कटॉप उभा करण्याचा होय. हा मार्ग आज पुष्कळ सुकर झाला आहे. तथापि तो अनुसरताना कोठून तरी उतरून घेतलेल्या आज्ञा अर्थ न समजता दिल्या जातात. खिडकी उघडली नाही म्हणजे दोष कोठे शोधावा हे कळत नाही, आणि ती कशीही करून उघडावी म्हणून कित्येकदा संगणकाचे दार सर्वांना मोकळे केले जाते. या अडचणींचे मूळ एकच आहे. युनिक्सचा डेस्कटॉप ही एकसंध वस्तू नसून ती सुट्या घटकांची रचना आहे, ही गोष्ट ध्यानात घेतलेली नसते.

१. डेस्कटॉपचे घटक

युनिक्सचा आरंभ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत झाला. तेव्हा त्यात चित्ररूप पडद्याचा विचार नव्हता. पुढे तो आला तो कार्यप्रणालीच्या गाभ्याबाहेरील एक सामान्य प्रोग्रॅम म्हणून. विंडोजची वाटचाल याच्या उलट दिशेने झाली. त्याची पहिली आवृत्ती १९८५ साली आली, आणि १९९६ च्या एनटी ४.० या आवृत्तीत तर खिडक्यांची व्यवस्था थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नेण्यात आली. युनिक्समधील हा सुटेपणा कोठून आला हे पाहणे उद्बोधक आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘अथीना’ हा प्रकल्प सुरू झाला. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे एका जाळ्यात आणावयाची आणि एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखवावयाचा, ही त्या प्रकल्पाची निकड होती. त्याच संस्थेतील रॉबर्ट शाइफ्लर आणि प्रकल्पात काम करणारे जिम गेटिस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डब्ल्यू’ या खिडकी-प्रणालीचा आधार घेऊन १९८४ साली ‘एक्स’ विंडो सिस्टिम रचली. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजेच ‘एक्स-११’, सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही तिचाच संदेशनियम वापरात आहे.

या प्रणालीत चार घटक वेगळे ओळखावे लागतात. पहिला एक्स सर्व्हर. पडदा, कळफलक व माऊस यांच्यावर त्याचा ताबा असतो. दुसरा क्लायंट, म्हणजे ज्याला खिडकी दाखवावयाची आहे असा कोणताही प्रोग्रॅम. तिसरा विंडो मॅनेजर. खिडक्यांना चौकट देणे, त्या हलविणे, लहानमोठ्या करणे हे त्याचे काम. तोही सर्व्हरच्या दृष्टीने एक क्लायंटच होय. चौथा घटक डेस्कटॉप-परिवेश. पट्टी, मेनू, फाइलींची मांडामांड आणि सेटिंग यांचा हा संच असतो. १९९६ साली सुरू झालेले केडीई व एक्सएफसीई आणि १९९७ साली सुरू झालेला ग्नोम हे त्यांपैकी प्रमुख होत.

सर्व्हर आणि क्लायंट या शब्दांनी नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. दूरच्या मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणण्याची सवय असते. येथे तर विद्यार्थ्याच्या टेबलावरील यंत्रावर सर्व्हर आणि दूरच्या यंत्रावर क्लायंट असतो. नाट्यगृह आणि नाटक मंडळी यांचा संबंध आठवला म्हणजे हा उलटा वाटणारा क्रम सरळ दिसू लागतो. रंगमंच, पडदा आणि दिवे नाट्यगृहाच्या मालकीचे असतात. मंडळी कोणत्याही गावाहून येते, प्रयोग करते आणि निघून जाते. सर्व्हर पुरवितो तो रंगमंच. प्रयोग कोणाचा, हा प्रश्न निराळा.

२. दोन स्वतंत्र प्रश्न

यावरून असे दिसून येईल की, विंडोजवर युनिक्सचा डेस्कटॉप आणणे यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत : युनिक्सचे प्रोग्रॅम चालणार कोठे, आणि त्यांच्या खिडक्या रंगविणार कोण?

पहिल्या प्रश्नाला कालक्रमाने तीन उत्तरे मिळाली. १९९५ साली सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत ‘सिग्विन’ची सुरुवात झाली. युनिक्सच्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या सेवा विंडोजच्या सेवांत रूपांतरित करणारे एक ग्रंथालय यात असते; परंतु प्रत्येक प्रोग्रॅम मूळ संहितेपासून नव्याने कंपाइल करावा लागतो. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’, संक्षेपाने डब्ल्यूएसएल, ही सोय आणली. हिच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचे तयार प्रोग्रॅम न बदलता चालू लागले. कर्नलकडे जाणाऱ्या त्यांच्या मागण्या विंडोज समजून घेऊ लागले. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत भाषांतराचा हा खटाटोपच सोडून देण्यात आला आणि एका हलक्या आभासी यंत्रात प्रत्यक्ष लिनक्स कर्नल चालविण्यात येऊ लागला. याखेरीज प्रोग्रॅम विभागाच्या दूरस्थ लिनक्स यंत्रावर चालवावा, हा मूळचा पर्याय आहेच.

दुसऱ्या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे विंडोजवर चालणारा एक्स सर्व्हर. सिग्विन-एक्स आणि व्हीसीएक्सएसआरव्ही हे तसे सर्व्हर आहेत. ते दोन रीतींनी चालविता येतात. एका रीतीत प्रत्येक क्लायंटची खिडकी विंडोजच्या खिडक्यांत मिसळून जाते. दुसरीत सर्व डेस्कटॉप एकाच मोठ्या खिडकीत सामावतो. नवे उत्तर २०२१ साली आलेल्या डब्ल्यूएसएलजी या जोडणीचे आहे. तीत एक्स सर्व्हर लिनक्सच्या बाजूसच, वेलँड या नव्या प्रणालीच्या आश्रयाने चालतो आणि तयार झालेले चित्र रिमोट डेस्कटॉपच्या संदेशनियमाने विंडोजकडे पाठविले जाते. म्हणजे सुटे घटक तेच राहिले. त्यांच्यामधील सीमारेषा तेवढी सरकली.

३. प्रत्यक्ष मांडणी

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नवी मांडणी विंडोज ११ वर करणे श्रेयस्कर. प्रथम संगणकाच्या फर्मवेअरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे याची खात्री करावी. नंतर प्रशासकाच्या अधिकाराने पॉवरशेल उघडून ‘डब्ल्यूएसएल’ ही आज्ञा ‘इन्स्टॉल’ या पर्यायासह द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. वेगळी निवड न केल्यास उबुंटू हे वितरण बसते. त्यात वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ठरवून पॅकेजांची यादी अद्ययावत करावी, आणि ‘एक्सक्लॉक’सारखा एखादा लहान प्रोग्रॅम चालवून पाहावा. घड्याळाची खिडकी उघडली म्हणजे सर्व्हर व क्लायंट यांची गाठ पडली असे समजावे. एखाद-दुसरा प्रोग्रॅम वापरावयाचा असेल तर एवढे पुरेसे आहे.

संपूर्ण डेस्कटॉप हवा असल्यास एक्सएफसीई हा हलका परिवेश आणि एक्सआरडीपी ही सेवा बसवावी. ही सेवा ३३८९ हा पोर्ट धरते. तो विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपचाही असल्याने बदलून ३३९० करावा. सत्र उघडताच एक्सएफसीई सुरू व्हावा यासाठी होम डिरेक्टरीतील ‘डॉट एक्ससेशन’ या फाइलीत तशी आज्ञा लिहावी. त्यानंतर विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप कनेक्शनने ‘लोकलहोस्ट’च्या ३३९० या पोर्टशी जोडले असता स्वतःची पट्टी व मेनू असलेला डेस्कटॉप एका खिडकीत उघडतो.

दूरस्थ यंत्रावरील प्रोग्रॅमसाठी डब्ल्यूएसएलमधून एसएसएच ही आज्ञा कॅपिटल एक्स या पर्यायासह द्यावी. दूरच्या यंत्रावर अशा जोडणीस परवानगी असली पाहिजे आणि ‘एक्सऑथ’ हा प्रोग्रॅम तेथे असला पाहिजे.

४. खिडकी न उघडल्यास

प्रत्येक क्लायंट आपला पडदा कोठे आहे हे ‘डिस्प्ले’ नावाच्या चलावरून जाणतो. त्यात यंत्राचे नाव, मग विसर्गचिन्ह आणि नंतर डिस्प्लेचा क्रमांक असतो. क्रमांक शून्य असेल तर जाळ्यावरील पोर्ट ६०००, एक असेल तर ६००१, असा हिशेब आहे. डिस्प्ले उघडता येत नाही अशा अर्थाचा संदेश आला तर तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालला आहे? त्याला कोणता डिस्प्ले सांगितला आहे? आणि तेथील सर्व्हर त्याला प्रवेश देतो काय?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत विंडोजवरील व्हीसीएक्सएसआरव्हीला ‘लोकलहोस्ट’ या नावाने हाक मारता येत असे. दुसऱ्या आवृत्तीत लिनक्स आभासी यंत्रात गेल्यामुळे, जाळ्याच्या नेहमीच्या मांडणीत, ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ते यंत्र स्वतःच ठरते, आणि सर्व्हरसाठी विंडोजचा पत्ता द्यावा लागतो. जुन्या आज्ञा नव्या मांडणीत अयशस्वी ठरल्या त्या यामुळे.

५. प्रवेशाची दक्षता

तिसऱ्या प्रश्नापाशी आल्यावर अनेकांकडून सर्व्हरची प्रवेशतपासणीच बंद केली जाते. खिडकी तत्काळ उघडते, परंतु त्याची किंमत मोठी असते. एक्सच्या मूळ रचनेत, सर्व्हरशी जोडलेल्या एका क्लायंटला दुसऱ्या क्लायंटच्या खिडकीत दाबल्या जाणाऱ्या कळा वाचता येतात आणि पडद्याचे चित्रही घेता येते. अथीनाच्या विश्वासातील जाळ्यात हे चालून गेले. आजच्या वसतिगृहाच्या किंवा ग्रंथालयाच्या सामाईक जाळ्यावर, तपासणी बंद आणि फायरवॉल खुली अशी स्थिती असेल, तर एका खिडकीत टाइप केलेला पासवर्ड त्याच जाळ्यावरील परक्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून तपासणी बंद करू नये. एसएसएचच्या कूटबद्ध मार्गाने जावे. तोही विश्वासातील यंत्राशीच उघडावा, कारण त्या यंत्राच्या प्रशासकाला या मार्गाने उलट दिशेने येणे शक्य असते.

६. देवनागरी आणि संशोधनाच्या फाइली

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांस आणखी एक अनुभव येतो. विंडोजमध्ये देवनागरी उत्तम दिसत असूनही लिनक्सच्या खिडकीत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. याचेही कारण घटकांच्या वाटणीत आहे. पूर्वी फाँट सर्व्हरकडे असत. आजचे प्रोग्रॅम अक्षरे स्वतः रचून सर्व्हरकडे देतात. म्हणून फाँट प्रोग्रॅम चालतो त्या बाजूस असावा लागतो. नोटो किंवा लोहित हे देवनागरी फाँट लिनक्समध्ये बसवावेत, अथवा विंडोजचा फाँटसंग्रह लिनक्सच्या फाँटकॉन्फिग या व्यवस्थेस दाखवून द्यावा. संपूर्ण डेस्कटॉपात टंकलेखनासाठी आयबस आणि त्याचा एम-१७-एन संच घेता येतो; त्यात मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी आहे.

फाइलींचेही तसेच आहे. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सच्या फाइली एका मोठ्या आभासी डिस्कमध्ये राहतात. विंडोजच्या सी ड्राइव्हवरील फाइली लिनक्समधून उघडता येतात, पण ते काम संथ चालते. जड गणनेची सामग्री लिनक्सच्याच बाजूस ठेवावी. मात्र ‘अनरजिस्टर’ हा पर्याय देताच ती आभासी डिस्क आतील सर्व सामग्रीसह नष्ट होते, हे विसरू नये. मांडणी बिघडली म्हणून ती नव्याने करण्यापूर्वी ‘एक्स्पोर्ट’ या पर्यायाने तिची प्रत अन्यत्र काढून ठेवणे अगत्याचे आहे. डिस्कची वाटणी टाळून वाचविलेला प्रबंध एका आज्ञेने घालविण्यात अर्थ नाही.

सारांश, सर्व्हर, क्लायंट, विंडो मॅनेजर आणि डेस्कटॉप-परिवेश यांपैकी कोणता घटक कोठे आहे हे ज्याला सांगता येते, त्याला मांडणी बसविता येते आणि बिघडल्यास दुरुस्तही करता येते. साधने पुढेही बदलतील. एक्सची जागा वेलँड घेऊ लागला आहे, आणि आजच्या आज्ञा उद्या निरुपयोगी ठरतील. परंतु प्रोग्रॅम कोठे चालतो, पडदा कोणाचा आणि प्रवेश कोणास, हे तीन प्रश्न प्रत्येक नव्या साधनास विचारावेच लागतील.