मादी कृंतकांमधील आक्रमकता

उंदीर, घूस, हॅम्स्टर इत्यादी कृंतक गणातील माद्या स्वजातीय वा परक्या प्राण्याला धमकावतात किंवा त्यावर हल्ला करतात, या वर्तनास मादी कृंतकांमधील आक्रमकता म्हणतात. भांडखोरपणा हा नराचा व टेस्टोस्टेरॉनचा गुण, अशी समजूत दीर्घकाळ होती. माद्यांची आक्रमकता मात्र प्रजननावस्थेनुसार बदलते आणि तिच्यामागे अनेक संप्रेरके असतात.

बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यात ज्वारी, हरभरा, सोयाबीन ही पिके होतात. अशा शेतांत बिळे करणारी घूस धान्य साठवते. तिच्या बिळात बहुधा एकच प्रौढ प्राणी राहतो; पिल्ले असलेली मादी हा अपवाद. डिवचल्यास घूस गुरगुरते व अंगावर धावून येते.

मातृत्व

उंदरांमध्ये गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. त्याच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉन घटते, इस्ट्रोजेन वाढते आणि मादी मातृवर्तनास सज्ज होते. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर मेंदूत स्रवणारे ऑक्सिटोसिन पिल्लांच्या रक्षणार्थ होणाऱ्या हल्ल्यांशी निगडित आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आक्रमकता तीव्र असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती ओसरते. संप्रेरकांबरोबर पिल्लांचे स्तनपानही आवश्यक असते. गर्भधारणेपूर्वी स्तनाग्रे काढलेल्या मादी उंदरांत ही आक्रमकता निर्माण होत नाही, असे प्रयोगांत दिसून आले. परका नर पुष्कळदा नवजात पिल्ले मारतो. त्यामुळे आईचा हल्ला हा पिल्लांच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

माज

सोनेरी हॅम्स्टरची मादी नरापेक्षा आकाराने मोठी असते. तिचे ऋतुचक्र 4 दिवसांचे असून माजावर नसताना ती नराला हुसकावून लावते. इस्ट्रोजेनपाठोपाठ प्रोजेस्टेरॉन वाढले की माज येतो आणि ती नराला जवळ येऊ देते.

गर्भावस्थेतील परिणाम

फ्रेडरिक व्हॉम साल व फ्रँकलिन ब्रॉन्सन यांनी 1980 मध्ये उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. गर्भाशयात दोन नर भ्रूणांच्या मध्ये वाढलेल्या मादीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अधिक असते व अशा माद्या पुढे अधिक आक्रमक होतात, असे त्यांना आढळले.

महत्त्व

प्रयोगात मादीची प्रजननावस्था नोंदवली नाही, तर वर्तनाचा चुकीचा अर्थ लागू शकतो. शेतातील बीळ उकरताना पिल्ले असलेली मादी चावण्याची शक्यता असते. उंदराच्या चाव्यातून उंदीरदंश ज्वर होऊ शकतो. म्हणून बिळात उघडा हात घालणे टाळावे.