आंबा कापून खावा की रस काढून?

मे महिन्यात अनेक घरांत एक संवाद हमखास ऐकू येतो. आजी रसाची दुसरी वाटी पुढे करते आणि पंचविशीतला नातू म्हणतो, ‘‘नको गं आजी, शुगर वाढेल.’’ तोच नातू संध्याकाळी जिममधून परतताना साखर घातलेला चिकूचा शेक मोठा ग्लासभर पितो. फळाचा आहे म्हणजे पौष्टिकच, असा त्याचा समज असतो.

आंबा, केळी, चिकू, सीताफळ, फणस, पपई या उष्ण प्रदेशातील फळांत साखर असते, हे खरेच. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात ती साधारण १४ ग्रॅम असते. पेरूत त्याहून बरीच कमी आणि तंतू अधिक. मात्र ही सगळी साखर एकदम रक्तात उतरत नाही. फळातील ग्लुकोज थेट रक्तात जाते, तर फ्रुक्टोजवरची प्रक्रिया मुख्यतः यकृतात होते. तंतूंमुळे पचनाचा वेग मंदावतो. निरोगी तरुणात जेवणानंतर वाढलेली साखर इन्सुलिनमुळे दोन तासांत १४०च्या खाली येते.

आकडा एकटा पुरत नाही

एखादा पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो, हे सांगणारा ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ कॅनडातील डेव्हिड जेनकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. ग्लुकोजला १०० धरले, तर आंबा व केळी पन्नाशीच्या आसपास येतात, पांढरा पाव सत्तरच्या वर. कलिंगडाचाही आकडा बराच वर जातो; पण त्यात बहुतेक पाणीच असल्याने एका फोडीतून साखर थोडीच मिळते. म्हणून वेगाइतकेच प्रमाणही महत्त्वाचे. केळे जसजसे पिकते तसतसे त्यातील पिठूळपण साखरेत बदलते. म्हणजे एकाच फळाचा परिणामही रोज सारखा नसतो.

दिल्लीत मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात न्याहारीतील पावाऐवजी ठरावीक प्रमाणात आंबा देण्यात आला. आठ आठवड्यांनी त्यांची साखर वाढली नव्हती, उलट सुधारली होती. इथे ‘ऐवजी’ हा शब्द विसरू नये. आपल्याकडे आंबा पुरी-भाताऐवजी नव्हे, तर पुरी-भातासोबत येतो. शिवाय कापलेला एक आंबा चावून खाताना पोट भरल्यासारखे वाटते; रस मात्र दोन-तीन आंब्यांचा सहज पोटात जातो. गाळलेल्या ज्यूसमध्ये तर तंतूही उरत नाहीत.

बारीक अंगाचा भरवसा नको

तरुणांनी हे समजून घेण्याचे कारण गंभीर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणानुसार देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३.६ कोटी आहे. या अवस्थेत बहुतेकांना कोणताही त्रास जाणवत नाही. दिसायला सडपातळ, पण शरीरात चरबीचे प्रमाण जास्त, अशी भारतीयांची ठेवण असल्याचे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. त्यामुळे ‘मी बारीक आहे, मला काय होणार?’ हा भरवसा खोटा ठरू शकतो.

आई-वडिलांना मधुमेह असेल, पोटाचा घेर वाढला असेल किंवा पीसीओएसचा त्रास असेल, तर विशीतही तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आल्यास वेळीच सावध व्हावे. या टप्प्यावर आहार आणि व्यायामाने बरेच काही साधता येते.

काय करावे?

- दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळ, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२४चे मार्गदर्शन आहे. म्हणजे एक छोटे केळे किंवा अर्धा आंबा.
- फळ शक्यतो कापून, चावून खावे. मधल्या वेळी मूठभर शेंगदाण्यांसोबत खाल्ले तर उत्तम.
- आमरस असेल त्या दिवशी वाटी एकच, वरून साखर नाही आणि पुऱ्या व भात कमी.
- जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असल्यास फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

नातवाने आजीकडून आंब्याच्या चार फोडी मागून घ्याव्यात. सोडायचाच असेल, तर संध्याकाळचा तो ग्लास सोडावा.